आबांचं पपनस

“आबा, पाय दाखवा.”

“सकाळीच दाखवले ना गं. आता काय आरती करतेस त्यांची?”

मी घोट्यापाशी बोट दाबलं. खळगा पडला, तो तसाच राहिला. डोळ्यांखालीही सूज. आबा माझे सासरे. त्यांच्या रक्ताच्या कॅन्सरवर रोज एक गोळी. मीच देते, कॅलेंडरवर खूण करते. आठ महिने सगळं सुरळीत होतं. आता डॉक्टर म्हणतात, सूज वाढली तर गोळी थांबवावी लागेल. थांबवली, तर मग काय, हे मी विचारलंच नाही.

आबा खोपोलीच्या कागद कारखान्यात तीस वर्षं फिटर. गोळीचा रस्ता त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतला होता: आतड्यातून रक्तात, काम झालं की यकृतात फुटायची, मग शौचावाटे बाहेर. तेव्हापासून संडासात ते स्वतः दोन बादल्या जास्त ओततात. “पोरगी लहान हाय, तीबी हितंच जाती,” एवढंच म्हणतात.

त्या दुपारी माझी लेक रिया दिसेना म्हणून मी मागच्या दारी गेले. पपनसाच्या झाडाखाली आबा आणि ती बसलेली. आबा पाकळ्या सोलत होते. एक तिला, एक स्वतःला. बाजूला जुन्या सालींचा ढीग.

“आबा, हे कधीपासून?”

“गणपतीवर टांगलेलं उतरवलं तवापासनं. गोळीनं मळमळतं, यानं चव येती. आणि फळं खा, फळं खा, असं तूच मागं लागलेलीस ना?”

मीच. गोळीबरोबर हे चालतं का, म्हणून मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पपनस आजपासून बंद, उद्या तपासायला घेऊन या, म्हणाले.

“डॉक्टर म्हणतात, पपनस गोळीला फुटूच देत नाही, आबा. आजची जाते कुठे, तोवर उद्याची येते. रक्तात साचते.”

आबांनी हातातली पाकळी सालींवर ठेवली. “म्हंजे इनलेट चालू, आउटलेट चोक. आन् चोक करणारा फिटरच!”

“झाड काढायचं का?”

“येडी का काय? पोरीला आवडतं.”

संध्याकाळी रियाने आणखी एक पपनस त्यांच्या मांडीवर आणून ठेवलं. त्यांनी ते सोललं. तिने एक पाकळी स्वतः खाल्ली, दुसरी त्यांच्यापुढे धरली. “आबा, तुम्हाला.”

आबांनी ती घेतली, हात तोंडाशी नेला आणि नुसतेच चावत राहिले.

“ग्वाड हाय गं.”

मिटल्या मुठीतून रस मनगटावर ओघळत होता. रिया खेळायला पळाली, तेव्हा ते उठले आणि मोरीवर जाऊन साबणाने दोनदा हात धुतले.