केसरीनाथांचं पांढरं डोकं

चंद्राबाई गेल्यापासून वर्षभरात केसरीनाथ एकाही कार्याला गेले नव्हते. आता खारबावला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या नातवाची हळद होती. जायला ते कसेबसे कबूल झाले, पण केस काळे करूनच. पांढऱ्या डोक्याने गेलो तर बायको गेली नि केसरी खचला म्हणतील, आणि ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

केस रंगवायचं काम चंद्राबाईंचं. आता ते लेकीकडे, भाविकाकडे आलं. तिने न्हाणीघराच्या फळीवरची काळी पुडी उलटीपालटी करून पाहिली. समोर मोठं गुलाबाचं फूल, मागे आत काय आहे त्याचा पत्ताच नाही. ही लावली की बाबांची मान आठवडाभर खाजायची आणि ते न्हाव्याच्या टॉवेलला शिव्या घालायचे. पुडी कचऱ्यात गेली. बाजारात दुकानदाराने पुढे केलेल्या डबीवर ‘अमोनिया नाही’ असं ठळक छापलं होतं. बाकीचं सगळं मागे बारीक अक्षरांत होतं. बऱ्याच डब्या वाचून तिने एक निवडली. तरी घरी येऊन, खाज सुटते का ते पाहायला, बाबांच्या कानामागे आधी ठिपकाच लावला आणि दोन दिवस थांबायला बजावलं. हळदीला कान न्यायचाय की डोकं, असं पुटपुटत केसरीनाथ थांबले.

दुसऱ्या दिवशी आक्का आमंत्रणाला आली. तो काळा ठिपका पाहून तिला वाटलं, लेकीने बापाला तीट लावलीय.

"केसरी, या वयात तुला कोनाची नजर लागतंय रं?"

केसरीनाथांनी खुलासा केला नाही. मान तिरकी करून म्हणाले, "हायेत दोघी-तिघी. शेलार गावच्या."

आक्काने हसता हसता चहा लुगड्यावर सांडला. त्या घरात इतक्या मोठ्याने कुणी हसल्याला बरेच दिवस झाले होते. भाविका फडकं आणायला आत गेली आणि जरा उशिरानेच बाहेर आली.

हळदीच्या दिवशी सकाळी ठिपक्याभोवती लाल गांधी उठल्या होत्या. भाविकाने दोन आरसे धरून दाखवल्या. आता बाबा येणार नाहीत हे तिने गृहीतच धरलं. आक्काला काय सांगायचं तेही मनात जुळवलं. केसरीनाथ आरशात पाहत राहिले. मग डबी तिच्या हातात परत देऊन त्यांनी इस्त्रीचा सदरा मागितला.

मांडवात शिरताच चुलतभाऊ नवशाने विचारलं, केसांचं काय झालं?

"चंद्रा लावायची," केसरीनाथ म्हणाले. "आता न्हाय लावत."

नवशाने आपल्या शेजारची खुर्ची सरकवली.

आक्का हळदीचं ताट घेऊन आली. भाविकाने सवयीने चिमूटभर उचलून वास घेतला, विकतची का म्हणून विचारलं.

"माझ्या परसातली हाय, बाय. तू काय दुकानात आलीस?" म्हणत आक्काने हळदीचे दोन्ही हात भावाच्या डोक्यावर पुसले. पांढऱ्या केसांवर हळद अशी चढली की आजूबाजूची रंगवलेली डोकी फिकी वाटू लागली. बँड वाजू लागला तेव्हा नवशाच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि नाचणाऱ्यांत एक पिवळं डोकं दिसत होतं.