जुलाबाची गोळी

रंगनाथ पगारांच्या इंदिरानगरच्या घरात त्या आठवड्यात सकाळचा प्रश्न एकच होता. सविता स्वयंपाकघरातून विचारायची, "झालं का?" आणि संडासाचं दार आपटत बाहेर येणारा रंगनाथ म्हणायचा, "नाही." मग दिवसभर घरात जी काही आदळआपट व्हायची, ती या एका नकाराची.

उभी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात केलेला हा माणूस. बॉयलरमधली राख वेळच्या वेळी बाहेर निघाली नाही तर काय होतं, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. आणि आता स्वतःच्याच पोटाने संप पुकारला होता. लग्नसराई चालू. या पंगतीत पुरी-बुंदी, त्या पंगतीत बासुंदी, पाण्याचा घोट मात्र आठवण करून दिल्याशिवाय नाही. दोष कोणाचा हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण रंगनाथ चिडत होता तो सवितावर, मऊ भातावर आणि शेजारच्या त्या गृहस्थांवर, जे रोज सकाळी पेपर घेऊन आत जायचे आणि पाच मिनिटांत हसत बाहेर यायचे.

एरवी आठवडाभर चिडून गप्प बसला असता. पण शनिवारी संगमनेरला नातवाचं, सार्थकचं, उष्टावण होतं. बाळाला अन्नाचा पहिला घास मामाने भरवायचा. त्याच्या मुलीला, स्नेहलला, भाऊ नाही, तेव्हा तो मान आजोबांचा. स्नेहलने फोनवर बजावलं होतं, "बाबा, गॅदरिंगला तुमची सेकंड शिफ्ट असायची, माझ्या साखरपुड्याला तुमच्या प्लांटचं शटडाउन निघालं. आता रिटायर आहात. आता कुठलंही कारण चालणार नाही." रंगनाथने सराफ बाजारात स्वतः जाऊन चांदीची वाटी-चमचा आणला होता. वाटीवर सार्थकचं नाव कोरून घेतलं होतं.

म्हणून बुधवारी तो मेडिकलच्या दुकानात गेला. तिथे नेमक्या भजनी मंडळाच्या वत्सलाबाई उभ्या. त्यांच्यासमोर बद्धकोष्ठ हा शब्द उच्चारायचा? रंगनाथ काउंटरवर वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "जुलाबाची गोळी द्या."

"किती दिवस झाले, काका?" दुकानदाराने विचारलं.

"चार."

"बाप रे! चार दिवस?" दुकानदार खरोखर कळवळला. गोळ्यांबरोबर त्याने दोन पुड्याही पुढे ठेवल्या. "ही पावडर पाण्यात घालून पीत राहा. अशक्तपणा येईल नाहीतर."

माणूस भला आहे, असं रंगनाथला वाटलं. घरी येऊन त्याने गोळी घेतली. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. पोट आणखी टम्म. ती गोडसर-खारट पावडरही तो इमानाने पीत राहिला.

शुक्रवारी दुपारी ओट्यावरची रिकामी पुडी सविताच्या हाती लागली. "ही कशाला आणली? ही तर जुलाब झाल्यावर देतात."

"मग? मी जुलाबाचीच गोळी मागितली."

सविताने गोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अहो, जुलाब व्हायची गोळी की थांबायची? त्याने तुम्हाला थांबवायची दिली!"

तुंबलेला नळ आणखी घट्ट बंद करायला रंगनाथने पैसे मोजले होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आपली भाषाही काय एकेक! लागतात तेही जुलाब, लागावेत म्हणून घ्यायचा तोही जुलाब. आधी त्याला दुकानदाराचा संताप आला, मग वत्सलाबाईंचा, आणि शेवटी स्वतःचा इतका आला की त्याने ती पट्टी कचऱ्याच्या डब्यात भिरकावली.

सविताने त्याला तसाच गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. बाईंनी हसू दाबून पोट तपासलं. उलटी होते का, जोराची कळ येते का, वारा सरतो का, रक्त दिसलं का, सगळं विचारलं. "काळजीचं काही दिसत नाही. यातलं काही सुरू झालं तर मात्र लगेच या. ही खरी गोळी. रात्री झोपताना एकच, साध्या पाण्याबरोबर, अख्खी गिळायची."

"गरम दुधात तूप टाकून घेतो ना," रंगनाथ म्हणाला. त्याच्या आईचा तो हुकमी उपाय.

"मुळीच नाही. दुधाने गोळीवरचं आवरण आधीच विरघळतं आणि मुरडा येतो. अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबरही नको. सहा ते बारा तासांत परिणाम होतो. उशीर झाला म्हणून वर दुसरी घ्यायची नाही, आणि रोजची सवय तर लावायचीच नाही. अडलं तेवढ्यापुरतीच ही."

"उद्या सकाळी संगमनेरला जायचंय," सविता मध्येच म्हणाली.

"मग आज घेऊच नका. आज नुसतं पाणी प्या, पपई खा, चाला. गोळी उद्या परत आल्यावर."

रंगनाथने हे सगळं ऐकलं, पण कानात राहिला एकच आकडा. सहा. नऊला घेतली की पहाटे तीनला मोकळा. सहाची एसटी.

"अहो, बाई काय म्हणाल्या?" रात्री नऊला त्याने गोळी हातावर घेतली तशी सविता कडाडली.

"हे नगाऱ्यासारखं पोट घेऊन पाटावर बसू? वाकता येतंय का मला? पोराला घास कसा भरवू?"

"उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!"

त्याने गोळी गिळली. साध्या पाण्याबरोबर, तेवढं ऐकलं.

तीन वाजले, चार वाजले, पाचला पोट नुसतं गुरगुरलं. पुढे काही नाही. आता एसटीत बसायची सोय उरली नव्हती. नांदूर शिंगोट्याच्या आसपास कळ आली तर कंडक्टर काय गाडी थांबवणार? आणि थांबवली तरी जायचं कुठे, रस्त्याकडेच्या कांद्यात?

"दुसरी घेऊ का? एकदाचा सोक्षमोक्ष लागेल."

"हात लावून तर बघा!" सविताने उरलेल्या गोळ्या पर्समध्ये टाकल्या, चांदीची वाटी पिशवीत घातली. "मी पुढे जाते. साडेनऊपर्यंत मुहूर्त आहे. झालं की मोटारसायकल काढा आणि या."

ती महामार्ग स्टँडला गेली. रंगनाथ नवा सदरा घालून, खिशात गाडीची किल्ली ठेवून घरात येरझाऱ्या घालत राहिला. सात वाजले. आठ वाजले. घड्याळाकडे बघून त्याला रडू यायचंच बाकी होतं. इतकी वर्षं कंपनीने अडवलं म्हणून सांगता तरी यायचं. आज काय सांगायचं?

नऊच्या सुमारास कळ आली. तो धावलाच. आणि तो आत आणि बाहेर टेबलावर फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. "अरे थांबा, आलो!" तो रिकाम्या घरात ओरडला. फोन तिसऱ्यांदा वाजला आणि मग गप्प झाला.

बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा त्याला पिसासारखं हलकं वाटत होतं. त्या आनंदात घड्याळाकडे न बघताच त्याने फोन लावला.

सविताने सवयीने विचारलं, "झालं का?"

"झालं!" रंगनाथ लहान पोरासारखा ओरडला. "एकदम मोकळा झालो. निघालोच मी, त्यांना म्हणावं थोडं थांबा!"

पलीकडे ताटं मांडल्याचा आवाज येत होता. फोन स्नेहलच्या हातात गेला.

"बाबा, इकडेही झालं. मुहूर्त टळत होता. सासऱ्यांनी भरवला घास. तुमच्याच वाटीतून."

रंगनाथने खिशातली किल्ली मुठीत घट्ट धरली.

"बरं झालं," तो म्हणाला.