बटण दाबल्यावर बावीस मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, हे मला कुणी सांगायला नको. माझ्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसली गेलीत आणि पाठीमागच्या जाळीत सात दसऱ्यांचं हळदकुंकू अडकलंय. पण कुणी मला मठ्ठ म्हटलं की माझं डोकं फिरतं. आधी माझी हकीकत ऐका, मग काय ते बोला.

भोरला एका वकिलांच्या ऑफिसात मी नवाकोरा आलो, तेव्हा लताबाई मला चालवायच्या. बाई शिस्तीच्या. त्यांनी बटण दाबून पदर खोचेपर्यंत मी तयार! "आमचा गडी कामाला वाघ आहे," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि मी मनातल्या मनात फुगायचो. पुढं तिथं नवीन यंत्रं आली. मग मला गोधडीत गुंडाळून टेम्पोत घातलं आणि गुंजवणे गावात सुलक्षणाताईच्या दुकानात आणून बसवलं.

सातबारा, दाखले, फॉर्म, सगळी कामं ताईकडं यायची. बाई सोन्यासारखी, पण कुणाला 'नाही' म्हणणं तिच्या जिभेला जमतच नाही. फोटोवाल्या कुमारनं लग्नाच्या फोटोंच्या चौकटी आणल्या, बसवल्या. कुणी व्हायरस मारणारा आणला, कुणी दुसरा, कुणी तिसरा, तिघेही बसवले. रोज बटण दाबलं की ही सगळी मंडळी माझ्या आधी उठायची आणि मी बिचारा त्यांच्या गर्दीतून वाट काढत पडद्यापर्यंत यायचो.

त्यात मानाचं स्थान गेनबाआबांच्या पंचांगाचं. आबा म्हणजे ताईचे सासरे. जत्रेतून त्यांनी हौसेनं सीडी आणली होती. ती बसवल्यापासून मी चालू झालो की आपोआप आरती लागायची, आणि आरती संपेपर्यंत माऊसला हात लावायचा नाही, हा दुकानाचा नियमच होऊन बसला. गिऱ्हाईक चपला काढून, हात जोडून उभं. मी आत गुदमरलेला, म्हणून आरतीही तुकड्यातुकड्यानं बाहेर पडायची. पाच मिनिटांच्या आरतीला बावीस मिनिटं लागायची. आबांना त्याचंही कौतुक! "काय सावकाश म्हनतोय बघा. देवाच्या कामात घाई न्हाई," असं म्हणायचे.

यंदा एका सकाळी गावातल्या चिमाजीची मुलगी अश्विनी धापा टाकत आली. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचची. त्यांची जमीन धरणात गेलेली. तो धरणग्रस्ताचा दाखला आदल्या संध्याकाळीच तिच्या हातात पडला होता आणि तो स्कॅन करून जोडायचा होता. मोबाईलवर फॉर्म अर्ध्यातच अडकत होता. वर कुठंतरी तार तुटलेली, त्यामुळं थेट तालुक्याला, वेल्ह्यापर्यंत लाईट येत होती आणि जात होती. लाईट गेल्यावर मला धरून ठेवणारी बॅटरी तर कधीच मेलेली.

अकराला लाईट आली, आरती सुरू झाली, आणि ती संपायच्या आत लाईट गेली. एकला पुन्हा तेच. मला इतकी शरम वाटली म्हणून सांगू!

"काकी, ह्ये हुकलं तर सालभर घरी बसायचं," अश्विनी म्हणाली. "मग आई माझं लगीनच लावून देती बगा."

ताईनं तडक भोरला लताबाईंना फोन लावला. लताबाई म्हणाल्या, "अगं, म्हातारा झाला म्हणून नाही गं तो रखडत. चालू होतानाच कितीजण उठतात ते बघ. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाब. 'स्टार्टअप' असं लिहिलेलं दिसेल. तिथं नको ती नावं बंद कर."

अडीचला लाईट आली. रडतखडत मी उठलो.

"काकी, आता फॉर्म!" अश्विनी म्हणाली.

"थांब पोरी. आदी ह्याचं वझं उतरवू दे. परत लाईट गेली तर परत बावीस मिनिटं जात्याल."

एकोणीस नावं निघाली. ताईनं पटापट बंद करत आणली आणि शेवटच्या नावावर तिचा हात थबकला. ते आबांचं पंचांग होतं. सासऱ्यांनी दिलेलं, त्यात देवाचं!

पायरीवर बसलेल्या आबांनी विचारलं, "का गं थांबलीस?"

"आबा, ह्ये तुमचं हाय."

आबांनी एकदा अश्विनीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "म्हंजी पोरगी माज्यापायी अडकली व्हय?"



"बंद कर त्ये," आबा म्हणाले. "आरती म्या म्हनतो की. मला तोंड न्हाई का?"

ताईनं ते नाव बंद केलं आणि पुढच्याच मिनिटाला लाईट गेली. अश्विनीला रडू आवरेना. ताईही तोंड फिरवून बसली. आता पोरीचं साल माझ्यामुळं बुडणार, असं मला वाटत होतं आणि काळोखात मला काहीच करता येत नव्हतं.

चार वीसला लाईट आली. ताईनं बटण दाबलं. आबा दारात हात जोडून उभे राहिले आणि आपल्या चिरक्या आवाजात सुरू झाले. मित्रांनो, कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढं कुणी नव्हतं! आबांचं दुसरं कडवं व्हायच्या आत पडदा स्वच्छ उघडला.

"अगं बया!" ताई ओरडली. "उठला की गं!"

दाखला स्कॅन झाला, जोडला. चार अठ्ठेचाळीसला फॉर्म गेला. पावती छापताना माझा पंखा घरघरत होता, पण मला त्याची पर्वा नव्हती.

त्या रविवारी ताईनं मला उघडून ब्रशनं झाडलं. आतून मूठभर अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. मागच्या सोमवारी प्रवेशाची यादीही माझ्याच पडद्यावर उघडली. त्यात अश्विनीचं नाव आहे. चिमाजी गाववाल्यांना पेढे वाटत सुटलाय.

तेव्हा मित्रांनो, घरातलं जुनं यंत्र उशिरा उठायला लागलं, तर लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी त्याच्यावर काय काय लादलंय ते बघा. त्यातलं एखादं ओझं कुणी मायेनं ठेवलेलं असेल आणि ते काढायला तुमचा हात धजावणार नाही. मग त्या माणसालाच विचारा. तो स्वतः उतरवायला सांगतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.