तीन चमचे

नणंदेने वाटी टेबलावर ठेवली ती आपटूनच. चमचा उडून साहेबांच्या वहीवर पडला.

"घ्या वहिनी. आजची क्रीम."

वहिनीने चमचा उचलला, रुमालाने पुसला, पुन्हा पुसला. बिस्किटांच्या या कारखान्यात एकोणीस वर्षं रोज सकाळी पहिल्या घाण्यातली क्रीम ती चाखायची आणि तिने "हं" म्हटल्याशिवाय यंत्रं सुरू होत नसत. साखर चिमूटभर इकडची तिकडे झाली तरी तिला कळे. म्हणून लोक तिला समोर 'बाई' म्हणत आणि मागे 'जीभ'. मागेच जास्त.

नियम तिचाच होता. क्रीम थुंकायची नाही, तीन चमचे गिळायचे. खरी चव घशाखाली गेल्यावर कळते. एखाद्या नवख्या मुलीने बेसिनकडे तोंड वळवलं, की बाई तिला सगळ्यांदेखत परत वाटीपुढे बसवत. नवी असताना नणंदेलाही बसवलं होतं. ते नणंदेने जपून ठेवलं होतं, आणि त्यानंतर तिने मारलेले टोमणे वहिनीने तारीखवार जपले होते. घर एक, कामाची खोली एक. साठा कधी कमी पडला नाही.

चार महिन्यांपूर्वी वहिनीने वजनासाठी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. कारखान्यात सांगितलं, "रोज चालते मी हल्ली." एकतीस किलो नुसत्या चालण्याने गेले, यावर साहेबांचा विश्वास बसला, कारण साहेब स्वतः कधी चालले नव्हते. घरात मात्र लपवणं शक्य नव्हतं. नणंद रोज ताटाकडे बघून म्हणायची, "कापून बारीक व्हायचं होतं तर शिंप्याकडे जायचं."

डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं होतं. एवढ्याशा पोटात साखर थांबत नाही, थेट आतड्यात कोसळते. मग छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात पीळ पडतो, पाय उभं राहू देत नाहीत. "काम काय करता?" असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "ऑफिसात असते."

हे एक वेळ सोसलं असतं. पण ऑपरेशननंतर जीभच बदलली. तिला सगळं गोड एकसारखं लागू लागलं, सगळंच गोडमिट्ट. फरक सांगायचं ते आता शरीर. साखर बेताची असली की विसाव्या मिनिटाला छाती धडधडू लागायची. जास्त असली की बाराव्याला. "चव मुरू द्या जरा," असं म्हणत ती घड्याळाकडे बघत बसायची, शरीराचा निकाल जिभेचा म्हणून सांगायची, आणि मग बाथरूमची कडी लावून थंड फरशीवर पडून राहायची.

आज साहेब स्वतः समोर बसले होते.

"बाई, यंत्रं रोज उशिरा सुरू होताहेत. जमत नसेल तर आजच सांगा. तुमच्या नणंदबाई आहेतच."

"आहेतच," वहिनी म्हणाली. "चौदा वर्षं डोक्यावर आहेतच."

एरवी नणंदेने याची सव्याज परतफेड केली असती. आज तिने वाटी तेवढी पुढे सरकवली.

वहिनीने तीन चमचे गिळले आणि हात मांडीवर ठेवले. बारा मिनिटं झाली. काही नाही. वीस झाली. तळहात कोरडे, छाती शांत, पोटात चकार शब्द नाही. साहेबांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. पंचविसाव्या मिनिटाला ती घाबरली. आता शरीरानेही दगा दिला की काय?

मग तिची नजर वाटीवर गेली आणि तिथून नणंदेवर. वाटी भरायचं काम नणंदेचं. मधुमेहवाल्यांच्या बिस्किटांत घालतात त्या पावडरचा डबाही हिच्याच कपाटात.

"बरोबर आहे म्हणा की, वहिनी," नणंद म्हणाली. "साहेब खोळंबलेत."

काल बाथरूमच्या दाराखालून नणंदेच्या चपला दिसत होत्या. बराच वेळ हलल्या नव्हत्या. रात्री जेवताना नणंद ताटाकडे बघून एक शब्द बोलली नव्हती, आणि वहिनीने मनाशी म्हटलं होतं, ही काहीतरी शिजवते आहे.

"हं" म्हटलं की आजचा दिवस सुटला असता. आणि "हं" म्हटल्यावर ही साहेबांकडे वळून म्हणाली असती तर? बघा साहेब, साखरेचा कणही नाही आणि बाईंना पत्ता नाही. चौदा वर्षांत नणंदेच्या हातून फुकट काही मिळाल्याचं वहिनीला आठवेना.

"यात साखरच नाही, साहेब."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी वाटीत बोट बुडवून चाटलं. त्यांना काहीच कळलं नाही, पण चेहरा कळल्यासारखा केला.

"वाटी कोणी भरली?"

"मी," नणंद म्हणाली.

"साखरेऐवजी काय घातलंत? आणि का?"

नणंद वहिनीकडे बघत राहिली. ऑपरेशन हा एक शब्द पुरला असता. जीभ, पगार, खुर्ची, सगळं त्या एका शब्दाने तिच्याकडे आलं असतं.

"डब्यांची अदलाबदल झाली," ती म्हणाली. "चूक माझी."

"असली चूक? या खोलीत? अ‍ॅप्रन काढून ठेवा. उद्यापासून पॅकिंगला."

वहिनीने बोलायला तोंड उघडलं. मग रुमालाने ते पुसलं.

"मानलं बाई तुम्हाला!" साहेब उठले. "उगाच शंका घेतली. आता दुसरी वाटी मागवतो, खरी. ती चाखा आणि कळवा."

दुसरी वाटी पॅकिंगमधल्या एका मुलीने आणली, दोन्ही हातांनी, देवाला नैवेद्य आणावा तशी. वहिनीने तीन चमचे गिळले. एकही कमी नाही. मुलगी बघत होती.

वहिनी बाहेर आली तेव्हा नणंद पिशवी मांडीवर घेऊन बाथरूमशेजारच्या बाकावर बसली होती.

"घरी जा की आता," वहिनी म्हणाली. "पॅकिंग उद्यापासून आहे."

"जाते." नणंदेने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "तुमची वीस मिनिटं होऊ देत."