सरकारजमा रिव्हॉल्वर

व्हर्ना स्टॅम्परने सही केली तेव्हा तिला वाटलं, आता हे रिव्हॉल्वर वितळवतील. तिच्या मुलीला, लिएनला, नवऱ्याने याच रिव्हॉल्वरने मारलं होतं. खटला संपला, जावई जन्मभरासाठी आत गेला, आणि शेरीफच्या कचेरीने विचारलं: हत्यार तुमच्या घरचं, परत नेता की सरकारजमा करता?

"त्याचं तोंड बघायचं नाही मला," म्हणत तिने कागदावर सही ठोकली.

तिथेच फसली. घरी आणून कापून टाकलं असतं तर कोणी हूं की चूं केलं नसतं. पण एकदा जमा झालं की राज्याचा कायदा त्याला लेकरासारखं जपतो. मोडायचं नाही, वितळवायचं नाही; लिलावात परवानेवाल्या दुकानदारांना विकायचं.

"माझ्या हातात काही नाही, मिस व्हर्ना," शेरीफचा डेप्युटी म्हणाला. शाळेच्या खानावळीत तो तिच्याच हातचं जेवून वाढलेला. "लिलावाच्या पैशांतून आम्हाला गोळी अडवणारी जाकिटं मिळतात."

"म्हणजे लिएन मेली आणि तुला जाकीट मिळालं. छान बसलंय अंगाला."

हा कायदा करणारे सांगत फिरत होते, नागरिकांचे बंदूक बाळगण्याचे हक्क राखले. त्यांना व्हर्नाने दोनदा मत दिलं होतं.

तीन महिने ती कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली. तोवर लिलाव उरकला. माल गावातला बंदूकविक्रेता हार्लन टॅकेट याने उचलला होता. शनिवारी सकाळी ती त्याच्या दुकानात शिरली, तर ते रिव्हॉल्वर एका माणसाच्या हातात. मुठीचा उडालेला टवका तिने लांबूनच ओळखला. माणसाशेजारी त्याची मुलगी उभी होती, कॉलेजला निघालेली.

"हलकं आहे, टेसा. पर्समध्ये मावेल."

"बाबा, मला नकोय म्हटलं ना."

"गप. पोरगी घर सोडते तेव्हा बाप देतोच. तुझ्या आजोबांनी आईला दिलं होतं."

"खाली ठेव ते," व्हर्ना म्हणाली. "त्याने माझी मुलगी मेलीय."

"व्हर्ना, गिऱ्हाइकासमोर नको गं," हार्लन कुजबुजला.

"का नको? बाप नव्हता तिला, म्हणून मी दिलं. माझ्या स्वयंपाकघरात, टॉवेलात गुंडाळून. म्हटलं, जवळ असू दे. नवऱ्याने तिच्याच पर्समधून काढलं."

चटका बसावा तसं त्या माणसाने ते काचेवर ठेवलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "माफ करा, बाई."

हार्लन वाईट नव्हता. लिलावात पडलं तेवढ्यालाच देतो म्हणाला. तिने फॉर्म भरला, त्याने तिची नोंद तपासायला सरकारी कचेरीत फोन लावला. चार मिनिटांत मंजुरी आली. नष्ट करा म्हणून तीन महिने नाक घासलं, तर कायदा जागचा हलला नाही. विकत घ्यायला निघाली, तर चार मिनिटांत हजर.

खोकं छातीशी धरून ती वळली. मागे तो माणूस घसा खाकरून म्हणाला, "हार्लन, मग ते शेजारचं दाखव. ते कुठलं?"

"त्याच लिलावातलं."

"बघू."

टेसा व्हर्नाकडे बघत होती. व्हर्नाने बोलायला तोंड उघडलं. पण त्या दुसऱ्याने कोण मेलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.