काकांची चाकोरी

वाळलेलं झाड हिरवळीच्या पार टोकाला, बाकाच्या मागं उभं होतं. ते पाडायचं आणि ओंडके हिरवळीवरूनच घराला वळसा घालून रस्त्यावर न्यायचे. दुसरी वाटच नव्हती.

"झाडाचं काय, जाईल ते," काकू ताईला म्हणाल्या. "पण गवतात खळगा पडता कामा नये. ह्यांना दिसत नाही. रोज सकाळी मागच्या दारातून अनवाणी निघतात आणि एकटेच बाकापर्यंत जातात. बाकी सगळं माझा हात धरून चालतं, तेवढं मात्र त्यांचं स्वतःचं. एकदा का पाय मुरगळला, की पुन्हा उंबरा ओलांडायचे नाहीत."

ताईनं मान डोलावली, पण ते बोलणं तिच्या मनात अडकून बसलं. वडिलांच्या माघारी झाडं तोडायचं काम ती आणि तिचा धाकटा भाऊ करत होते. आजवर ओंडके खांद्यावरून नाहीतर हातगाडीवरून जायचे. हे झाड खांद्याला पेलणारं नव्हतं. ओंडके उचलून नेणारं छोटं यंत्र, लोडर, घेऊ, घेऊ असं कधीपासून चाललं होतं. आता घेणं भागच होतं.

दुकानाच्या मागच्या आवारात दोन लोडर उभे होते. धाकट्याचा जीव रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्यावर जडला.

"याचं वजन पसरतं," दुकानदार म्हणाला. "मऊ मातीतही रुतणार नाही."

"ऐकलंस ना? घेऊन टाक," धाकटा म्हणाला. "नवरा पसंत करायला एवढा वेळ लावला नव्हतास."

"म्हणूनच आता लावतेय."

तिनं त्या लोडरला ओंडका उचलायला लावला आणि आवाराच्या कडेच्या गवतावर तो स्वतः चालवून पाहिला. सरळ जाताना लोण्यातून सुरी फिरावी तसा गेला. वळताना मात्र एक पट्टा जागीच थांबला, दुसरा फरफटला, आणि उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसं गवत निघून आलं.

दुसरा चार जाड चाकांचा, मधोमध कमरेत वाकणारा. तो वळला तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग, आईचं बोट धरल्यासारखी गेली. ताई खाली बसली. पोराचा ताप बघावा तसा तिनं हाताचा पालथा पंजा जमिनीला लावला. गवत झोपलं होतं, पण उपटलं नव्हतं.

"टायरमधली हवा कमी केली तर?"

"मग आणखी मऊ चालेल. फक्त ओंडका जमिनीलगत धरा."

"हाच द्या," ताई म्हणाली. धाकट्यानं पट्ट्यांच्या लोडरकडं एकदा मागं वळून पाहिलं, सासरी निघालेल्या बहिणीकडं बघावं तसं.

काम झकास झालं. नेण्याच्या वाटेवर लाकडी फळ्या अंथरल्या होत्या, टायर मऊ केले होते. एक मोठा ओंडका तेवढा सकाळवर ठेवला. संध्याकाळी ताईनं हिरवळीला पाणी घातलं, तर दारापासून बाकाकडं एक उथळ पन्हळ पाण्यानं चमकली.

"आपण तिकडून गेलोच नाही," धाकटा म्हणाला.

"मग ती काय आभाळातून पडली?"

तिनं त्याचं ऐकलं नाही. चाळलेली माती आणून पन्हळ भरली, पाणी मारून दाबली, हात फिरवून सपाट केली. खळगा म्हणून नावाला उरला नाही. घरी जाताना ती गुणगुणत होती.

सकाळी दोघं आली, तेव्हा काका हिरवळीच्या मधोमध उभे होते. हात किंचित पसरलेले, एक पाय पुढची जमीन चाचपणारा. काकू धावल्या, तसा काकांनी हात वर केला.

"थांब. बाक हलवला का कुणी?"

"नाही काका," ताई म्हणाली.

"मग वाट कुठं गेली?"

इतक्या वर्षांत त्यांच्याच पावलांनी ती पन्हळ पडली होती. तिच्या दोन्ही कडा तळव्याला कळायच्या, आणि त्या कडांच्या मधून ते जायचे.

"मला कधी बोलला नाहीत," काकू म्हणाल्या.

"मला वाटायचं, तुम्हा सगळ्यांना दिसते."

काकूंनी त्यांना हाताला धरून बाकावर नेलं. ताई जिथल्या तिथं उभी राहिली.

"अति तिथं माती म्हणतात," धाकटा हळूच म्हणाला. "तू खरीच घातलीस."

"उकरून काढू?"

"मुळांत बसलीय. फावडं लावलंस तर गवतही येईल."

ताईनं लोडरकडं पाहिलं. मग हवेचा पंप आणला आणि चारही टायर टणक होईपर्यंत भरले. उरलेला मोठा ओंडका उचलला. उजव्या चाकांखाली फळ्या घातल्या, डाव्या चाकांना मोकळी जमीन ठेवली.

"काका, वाट सरळ होती का?"

"नाही. मध्ये डावीकडं वळायची. तिथं मुलांचा झोपाळा होता, त्याला वळसा घालून यायचो. झोपाळा गेला, वळसा राहिला."

काकू उठल्या, हिरवळीत गेल्या आणि झोपाळा जिथं होता तिथं जाऊन उभ्या राहिल्या. ताई बाकापासून निघाली, काकूंना वळसा घालून दारापर्यंत गेली, त्याच रेषेवरून लोडर उलटा चालवत मागं आली, पुन्हा गेली. गवत न दुखवता चालायला आणलेलं यंत्र ती दात-ओठ खाऊन जमिनीत दाबत होती.

काकूंनी काकांना पुन्हा दारात आणलं. त्यांनी पायरीवरून पाऊल खाली ठेवलं, अंगठ्यानं एक कड शोधली, मग दुसरी.

"पूर्वीपेक्षा खोल आहे जरा."

"होईल तुमच्या पायाची," ताई म्हणाली.

ते निघाले. काकूंचा हात सवयीनं पुढं झाला, आणि त्यांनीच तो मागं घेतला. मधोमध पोचल्यावर काका झोपाळ्याला वळसा घालून गेले.

"टायरची हवा सोडू का?" धाकट्यानं विचारलं. "दुपारी दुसऱ्या घरी जायचंय."

"थांब," ताई म्हणाली. "आधी तिथं कोण चालतं ते विचारू."