गोकुळाच्या जागेवर

"बाबा, आयक. राइज म्हंजे आपल्या आपण वर येणं. तळ्याचं पाणी राइज होते. रेज म्हंजे कोणीतरी वर करणं. त्याले कर्म लागते, राइजले लागत नाई."

"म्हंजे काय?" डोमाने विचारले. त्याची बायको गोकुळा असेच विचारायची, म्हणून त्यानेही विचारले.

"तू काय उचलतं? जाळं. थे जाळं कर्म."

"बरं."

डोमा विळीवर मासोळ्या चिरत बसला होता. ही गोकुळाची जागा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती तापाने गेली, त्याला दोन महिने झाले.

गोकुळाला अक्षरओळख नव्हती. पायल धडा मोठ्याने सांगायची आणि ती मासोळ्या चिरता चिरता ऐकायची. इंग्रजीचा एक शब्द तिला कळत नसे. पण पोरगी कुठे नुसती घोकते आहे, ते तिला आवाजावरून कळायचे. "थांब. हे तुलेच नाई समजलं. पुन्हा सांग," म्हणायची. पायल रडकुंडीला आली तरी सोडायची नाही. आठवीपर्यंत पायलने वर्गात पहिला नंबर सोडला नाही. नववीच्या पहिल्या चाचणीत ती इंग्रजीत नापास झाली.

गोकुळाची धाकटी बहीण मंजुषा ऊर्जानगरला राहते. तेरवीच्या दिवशीच ती म्हणाली होती, "भाऊजी, पोरगी मले द्या. तिथल्या शाळेत टाकतो."

"माह्यापाशी थे एकच हाय," डोमा म्हणाला होता.

चाचणीचा निकाल आल्यावर त्याने ठरवले, गोकुळा बसायची तसे आपण बसायचे. आज आठवा दिवस होता.

"आता वाक्य," पायल म्हणाली. "द वॉटर राइजेस. आय रेज द नेट."

"बराबर."

पायल पुस्तक पालथे ठेवून म्हणाली, "द वॉटर रेजेस. आय राइज द नेट."

"बराबर हाय. मस्त."

ती त्याच्याकडे बघत राहिली. डोमाने मान वर केली.

"काऊन थांबली?"

"मी मुद्दाम उलटं सांगतलं, बाबा."

"मले इंग्रजी कुठी येते, माय?"

"आईले तरी कुठी येत होती?"

ती रागाने म्हणाली नव्हती. रागाने म्हणाली असती तर त्याला काही बोलता आले असते.

"आणखी एक डाव सांग. आता ध्यान देतो."

तिने पुन्हा सांगितले. त्याने डोळे मिटून ऐकले. कुठे बरोबर, कुठे चूक, सगळे सारखेच ऐकू आले. गोकुळा नेमके काय ऐकायची, हे त्याने तिला कधी विचारले नव्हते.

तो उठला, हात धुतले आणि अंगणात जाऊन मंजुषाला फोन लावला.

"पायलले पाठवून राह्यलो. उद्याच्या गाडीनं."

पलीकडून मंजुषा म्हणाली, "इथी तिले काही कमी पडू देणार नाई, भाऊजी."

"तसं नाई म्हणत. थे वाचते तवा समोर बसत जा. अन् लवकर बराबर म्हणत नोको जाऊ."

"अन् तुमी?"

"मी हाओ ना इथीच."

पायलने दारातून सगळे ऐकले होते. अंगणातल्या दोरीवरून एकेक करून तिने आपले कपडे काढले. शेवटी दोरीवर डोमाची बंडी तेवढी राहिली. एका बाजूने ती अजून ओली होती. पायलने ती दोरीवरच उलटून टाकली, ओली बाजू उन्हाकडे केली आणि कपडे घेऊन आत गेली.